आयर्लंडमधली सर्वांत वाईट मुलगी

यामिनी देशकर नागपूरहून डब्लिनला आली, त्याला आता बरीच वर्षं झाली. शहराच्या टॅला नावाच्या उपनगरात एका छोट्या कार्यालयात ती मानसशास्त्रज्ञ आहे. गुन्ह्यात सापडलेली किंवा घरच्यांनीच हाल केलेली मुलं तिच्याकडे येतात. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या वाट्याला आलेल्या असतात. मुलाचा स्वभाव कसा, राग कुठून येतो, भीती कशाची, हे शोधून तिने न्यायाधीशांना कळवायचं. काम गंभीर, पण बाई हसरी. तिच्या खोलीत खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. समोर बसलं की मुलं गप्प होतात आणि शेजारी बसलं की बोलतात, हा तिचा अनुभव.

गेल्या मार्चमध्ये क्लोडा आली. वय पंधरा. मित्रांबरोबर कुणाची तरी गाडी पळवून भिंतीवर आदळली होती. लहानपणीच तिला आईवडिलांपासून दूर ठेवावं लागलं होतं, आणि नंतर ज्या घरांनी तिला सांभाळायला घेतलं त्यांनी एकामागून एक परत केलं होतं. आता ती बर्नी नावाच्या साठीच्या बाईंकडे राहत होती. तिला तिथेच राहू द्यायचं की कुलूपबंद निवासगृहात पाठवायचं, हे यामिनीच्या अहवालावर ठरायचं होतं.

यामिनीने दिलेली स्वभावचाचणीची प्रश्नावली क्लोडाने झपाट्याने संपवली. निकाल पाहून यामिनीने हसू दाबलं. मुलगी क्रूर, थापाडी, कुणाची पर्वा नसलेली. एकही दुर्गुण सुटला नव्हता. अशा चाचणीत स्वतःला फार चांगलं दाखवणारं पोर पकडलं जातं, तसं फार वाईट दाखवणारंही. पहिल्या तऱ्हेची मुलं यामिनीला नेहमी भेटत. दुसरी क्वचित.

"क्लोडा, या हिशेबाने तू आयर्लंडमधली सर्वांत वाईट मुलगी आहेस."

"असेन."

"प्राण्यांना छळायला आवडतं?"

"खूप."

"मग मघाशी दार उघडून बाहेर बसलेल्या बर्नीला, मांजराच्या डोळ्यात थेंब घातले का, असं कोण विचारत होतं?"

क्लोडाचे कान लाल झाले. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग भिंतीलाच सांगावं तशी ती म्हणाली, "बर्नीपण मला परत देणारच. सगळे देतात. निकाल वाईट आला की न्यायाधीशच नेतील. मग तिला द्यावं लागणार नाही."

हे बर्नीला सांगू का, असं यामिनीने विचारलं. क्लोडाने खांदे उडवले. त्या वयात त्याचा अर्थ बहुधा होकार असतो.

बाहेर चहा पीत बसलेली बर्नी आत आली आणि सगळं ऐकून धपकन खुर्चीत बसली.

"अगं शहाणे, गाडी फोडलीस तेव्हा मी तुला घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या. परत द्यायचं असतं तर एवढ्या शिव्या वाया घातल्या असत्या का मी?"

क्लोडाने यावर नीट विचार केला. तिला ते पटलेलं दिसलं.

पुढच्या आठवड्यात नवी चाचणी झाली. या वेळी ती रेंगाळली. थापा मारतेस का, या प्रश्नाशी थांबून तिने विचारलं, "म्हणजे कुणाला?" निकालात राग नाकावर, थापा बऱ्यापैकी, अनोळखी माणसावर विश्वास जवळजवळ नाही, पण बाकी बरंचसं इतर मुलांसारखंच. यामिनीने दोन्ही निकाल अहवालात दिले, पहिला का टिकत नाही तेही लिहिलं. गाडीचा प्रकार सौम्य केला नाही आणि क्लोडाचा बर्नीवर जीव आहे, हेही लिहायचं सोडलं नाही.

न्यायाधीशांनी क्लोडाला बर्नीकडेच ठेवलं. शिवाय गाडीच्या मालकाची समक्ष माफी मागायला सांगितली.

बाहेर आल्यावर यामिनीने तिला निकालाचा आलेख दाखवून, इतर मुलांत ती कुठे बसते ते समजावून सांगितलं. क्लोडाचं तोंड उतरलं.

"म्हणजे मी नुसती मधली?"

"बरीचशी. रागात वर."

"किती वर?" तिने जरा आशेने विचारलं.

"मला विचारलं असतं तर आणखी वर सांगितलं असतं," बर्नी म्हणाली आणि बाजाराची जड पिशवी तिच्या हातात दिली. दोघी भांडत ट्रामकडे निघाल्या.