भिवराबाईचा सोडियम

धारूरचा घाट उतरला की लागणाऱ्या एका गावात भिवराबाईने यंदा मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली. तेव्हा तिचे वय एकेचाळीस होते आणि ऊसतोडीचे बावीस हंगाम तिच्या अंगावरून गेले होते. शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बसली होती. मराठी निघाले, इतिहास निघाला, एवढेच काय, गणितसुद्धा निघाले. विज्ञानात मात्र बाई आपटल्या. पस्तीस हवे होते, तीस पडले.

नुसती हौस असती तर सोडून दिले असते. पण धारूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात मदतनीस घ्यायची होती आणि अट एकच होती, दहावी पास. जुलैच्या पुरवणी परीक्षेपर्यंत जागा धरून ठेवते, असे तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. विज्ञान निघाले तर भिवराबाई आणि तिची लेक मंजुषा गावात राहणार. नाही निघाले तर दसऱ्यानंतर सगळेच टोळीबरोबर उसाच्या फडात जाणार आणि मंजुषाची दहावी बुडणार.

तिचा नवरा आसाराम याची अडचण आणखी निराळी. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. जोडी फुटली की उरतो तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला घ्यायला मुकादम नाक मुरडतो. आसाराम हे तोंडाने बोलत नव्हता. पुस्तक उघडले की तो बैलांना वैरण टाकायला उठून जायचा, बैलांपुढे आधीच गंजभर वैरण पडलेली का असेना.

शिकवणी मंजुषाची होती. पोरगी नुकतीच दहावीत गेली होती, पण मास्तरकी तिच्या अंगातच होती. तिने आवर्त सारणीचा तक्ता दाराशेजारच्या भिंतीला डकवला आणि आईला समोर बसवले.

तक्ता भिवराबाईला झटक्यात कळला. अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. भोवती कवचांमध्ये इलेक्ट्रॉन. पहिल्या कवचाची पंगत दोघांची, दुसऱ्याची आठांची. उभा रकाना म्हणजे एक भावकी, सगळ्यांचा स्वभाव सारखा.

"आन ही शेवटच्या रकान्यातली निऑन, आरगॉन," ती म्हणाली, "भरल्या घरची माणसं. कुणाच्या दारात जायची न्हाईत."

मंजुषाने कपाळाला हात लावला, पण चूक काढायला जागा नव्हती.

गाडी अडली ती आयनिक बंधावर. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या सात. सोडियम आपला एक देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, दोघांच्याही बाहेरच्या पंगतीत आठ होतात आणि तयार होते आपले रोजचे मीठ. इथवर भिवराबाई खूश होती. पण देणारा सोडियम धन आणि घेणारा क्लोरीन ऋण, हे काही केल्या तिच्या गळी उतरेना. मार्चच्या पेपरातही तिने छातीठोकपणे उलटेच लिहिले होते.

"टोळीतला एक कोयता दुसऱ्याला दिला तर टोळी वजाच व्हणार ना?"

"माय, पुस्तकात हाय तसं पाठ कर की."

"कळल्याबिगर कसं पाठ करू? बावीस वर्सं मोळ्या मोजल्यात मी. दिलं की कमी होतंय."

महिनाभर मायलेकींचा हाच तंटा. परीक्षा चार दिवसांवर आली तरी तो मिटेना. त्या दुपारी तिघे सोयाबीन खुरपत होते आणि तंटा पुन्हा पेटला. पलीकडच्या ओळीतून आसाराम अचानक बोलला.

"मंजे, तो इलेक्ट्रॉन सोता कसा असतो गं?"

"ऋण. म्हंजी वजा."

"मग तो आपला अंगद झाला की."

अंगद म्हणजे त्यांच्या टोळीतला पिऊन भांडणारा गडी. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या टोळीत एक माणूस कमी होता, तेव्हा मुकादमाने त्याला तिकडे देऊन टाकले होते.

"अंगद गेला तवा आपल्या टोळीचं काय झालं?" आसारामने विचारले.

"लई बरं झालं," भिवराबाई म्हणाली. "कामाला झपाटा आला."

"आन ज्यांनी घेतला त्यांचं?"

"वाट लागली त्यांची. रोज मारामा..." तिचे खुरपे जागीच थांबले. "आगं बया! वजा माणूस गेला, म्हणून टोळी अधिक झाली! आन घेणारी वजा!"

मंजुषा तर उड्याच मारायला लागली. पुढचे तिने एका दमात सांगितले, की धन आणि ऋण एकमेकांना ओढून धरतात, त्यालाच आयनिक बंध म्हणायचे. भिवराबाई मात्र नवऱ्याकडे बघत होती.

"तुमाला ह्ये कसं ठावं?"

"वैरण टाकताना ऐकू येतंय की," तो म्हणाला आणि मान खाली घालून खुरपू लागला.

महिनाभर हा माणूस गोठ्यात उभा राहून विज्ञान शिकत होता. ज्या परीक्षेने त्याची जोडी फुटणार होती, तिचेच! भिवराबाईला भरून आले. पण हातात खुरपे होते आणि लेक समोर होती, म्हणून तिने नाक शिंकरून वेळ मारून नेली.

निकाल मंजुषाने मोबाईलवर पाहिला. विज्ञानात त्रेचाळीस. तिची आरोळी ऐकून शेजारीपाजारी गोळा झाले, कोणीतरी साखर आणली. त्या गडबडीत आसाराम टोपी घालून निघाला.

"कुठं निघालात?"

"मुकादमाकडं. यंदा अर्धा कोयता लिव्हा, म्हणून सांगून येतो."

"आन न्हाई घेतलं तर?"

"तर धारूरच्या बाजारात हमाली करीन. तू उद्याच्या उद्या त्या वसतिगृहात जा. परवावर टाकू नको."

बावीस वर्षांत मुकादमाच्या दारात ती दोघे नेहमी जोडीनेच गेली होती. भिवराबाईला त्याला थांबवावेसे वाटले आणि त्याच वेळी त्याने जावे असेही वाटले.

"च्या पिऊन जावा," ती कशीबशी म्हणाली.

"आल्यावर पितो. तू आधी साखर तर खा."