सास्तूरच्या शेळ्यांचा नंबर

पुण्याहून धाराशिवमार्गे सास्तूरला निघाले तेव्हा माझ्या पिशवीत कागदी पाकिटं, चिमटे आणि भलताच आत्मविश्वास होता. माझं सगळं संशोधन फळमाश्यांवर झालेलं. कुठली माशी कुणाच्या किती जवळची, कुळात किती विविधता उरली, हे बाटल्यांत बघण्यात निम्मं आयुष्य गेलं. आता तेच शेळ्यांत बघायचं होतं. कोरड्या माळावर तग धरणाऱ्या या काळ्या शेळ्यांच्या कानाचे चार केस डीएनए तपासायला मुळासकट हवे होते, आणि शेळ्या शक्यतो एकमेकींच्या नात्यातल्या नकोत.

सास्तूरचे शिवलिंगअप्पा शेळ्यांचे व्यापारी. मी येणार हे गावाला सांगायचं काम त्यांनी घेतलं होतं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं असावं, कारण एसटीतून उतरून बघते तो मारुतीच्या पारापुढं शेळ्याच शेळ्या. कुणाला कुंकू, कुणाला घुंगरू, एकीच्या शिंगांना लाल रिबीन.

"अप्पा, हे काय?"

"पुण्याच्या मॅडम शेळ्या निवडणार म्हणून सांगितलं. सगळे नटवून आले."

मी घसा खाकरून समजावलं, "स्पर्धा नाही हो. मला फक्त नात्यात नसलेल्या शेळ्या हव्यात."

"आमच्या गावात नात्यात नसलेलं कोण हाय?" गंगामावशींनी विचारलं. त्या रिबिनीच्या मालकीण. "हिचा बाप आन् तिचा बाप एकच बोकड. त्यो काय लपून न्हाय."

तेवढ्यात माकणीचा मन्मथ आला. धरणाच्या काठाला एकटाच राहणारा पन्नाशीचा माणूस. त्याची खांड (शेळ्यांचा कळप) गावच्या बोकडांत कधी मिसळली नव्हती, म्हणजे मला सगळ्यात आधी त्याचीच शेळी हवी होती. त्यानं आणलेली पाठ (अजून न व्यालेली शेळी) डांबरासारखी काळी चकाकत होती. मी तिचा कान धरला आणि माझा पंजा काळा झाला. ती फुरफुरली, माझ्या अंगाला अंग घासलं, आणि माझा पांढरा कुर्ताही काळा झाला.

"लई ऊन हाय," मन्मथ म्हणाला. "रंग सुटतो जरासा."

सगळा पार हसला. मीही हसले. काळ्याखालून पांढरे ठिपके डोकावत होते. मन्मथनं मान खाली घातली, दोरी ओढली आणि शेळी घेऊन माकणीच्या वाटेला लागला.

मी मागं धावले. "अहो, मला ठिपकेच हवेत! कळपात जितकं वेगळेपण तितकं माझ्या कामाचं!"

हे मी जरा मोठ्यानं बोलले, ही चूक झाली. पाराकडं वळून बघते तर गंगामावशी आपल्या शेळीला बोटानं चुन्याचे ठिपके देत होत्या.

मन्मथ थांबला होता, पण वळला नव्हता. "तुमी बी हसलात."

"हसले. शेळीला नाही, माझ्या कुर्त्याला."

"मग चारचौघांत सांगा."

मी पाराजवळ गेले आणि अख्ख्या गावासमोर जाहीर केलं, "मन्मथदादांची शेळी सगळ्यांत वेगळी. पहिला नंबर तिचा!" विज्ञानात असे नंबर नसतात, पण टाळ्या पडल्या. चुन्याचे ठिपके पुसत गंगामावशींनी दुसरा नंबर मागितला, तोही दिला. मग अप्पा कान धरू लागले, मी केस उपटू लागले, आणि दरवेळी शेळीआधी मालकच विव्हळू लागला. मन्मथच्या शेळीचा कान मात्र साबणानं तीनदा धुवावा लागला. केसांची मुळं कोरी, स्वच्छ निघाली.

संध्याकाळी मन्मथ मला फाट्यावर एसटीपर्यंत सोडायला आला. हळूच म्हणाला, "तपासणीत रंग कळतो का, मॅडम?"

"मुळातला थोडाफार कळतो. वरून लावलेला नाही."

"मग बरं." त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. टोपीखालचे केस डांबरासारखे काळे होते, आणि कानामागं एक काळा ओघळ. माझी नजर तिथं गेलेली त्याला दिसली.

"कलपाचा पुडा माझ्यासाठीच आणला होता," तो म्हणाला. "पाव्हणं येणार म्हणल्यावर दोघांत भागवला."

बस सुटली. त्या शेळीचं कळपांतल्या कुणाकुणाशी नातं निघतं ते प्रयोगशाळेत कळेल. मालकाशी असलेलं मात्र तिथं फाट्यावरच उघड झालं होतं.