पोच मागणारे भाऊजी

भाऊजींना नोकरी लागल्याची बातमी एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला सगळ्या नातेवाइकांत पसरली. त्या बातमीत खरं एवढंच होतं की तो बुधवार होता. बाकीचा घोळ माझा.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मी 'चार दिवस' म्हणून त्यांच्याकडे आलो, त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. हॉलमधला सोफा माझा. एका कंपनीच्या मदत-फोनवर मी नोकरी करतो. लोकांची यंत्रं बिघडली की 'एकदा बंद करून परत चालू करा' असं नम्रपणे सांगायचं, हे माझं काम. आमच्या गावच्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता आणि त्याला धूळ लागू नये म्हणून तो कायम चादरीखाली असायचा. माझं यंत्रांचं शिक्षण ते तेवढंच. पण घरात मला यंत्रातलं सगळं कळतं असा एक समज आहे, आणि तो खोडून काढण्याइतका मी प्रामाणिक नाही.

भाऊजी अठरा वर्षं एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये होते. तयार माल खोक्यांत भरून, खोक्यांवर चिठ्ठ्या लावून, ट्रकमध्ये चढवून पाठवायचा. माल गेला म्हणजे काम झालं, असं ते कधीच मानत नसत. पलीकडच्या माणसाने माल मिळाल्याची सही करून कागद परत पाठवला, की मगच त्यांच्या लेखी काम संपायचं. त्या कागदाला ते 'पोच' म्हणत. सात महिन्यांपूर्वी कारखान्याने डिस्पॅचचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं आणि एका दुपारी बारा जणांना खोलीत बोलावून तसं वाचून दाखवलं. अकरा जण मान खाली घालून बाहेर पडले. भाऊजींनी ओळखपत्र आणि कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "याची पोच द्या." शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर 'एक कार्ड, दोन किल्ल्या मिळाल्या' असं लिहून सही केली, तेव्हा ते घरी आले.

घरी बसलेला माणूस काहीतरी करणारच. काही जण दाढी वाढवतात. भाऊजींनी घराला तारा जोडायला घेतल्या. व्हिडिओ बघून बघून ते शिकले, बाजारातून बोटभर लांबीचे सर्किटचे तुकडे आणले, आणि महिन्याभरात घरातल्या एकेका वस्तूला बोलतं केलं. फ्रिज किती वेळा उघडला याचा हिशोब त्यांच्या फोनवर यायला लागला. आठवीतल्या माझ्या भाचीने घर डोक्यावर घेतलं.

"बाबा, मी रात्री थंड पाणी पण प्यायचं नाही का?"

"पी ना. फक्त दार एकवीस सेकंद उघडं ठेवून विचार करत उभी राहू नकोस."

ताई एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते. पाळी दुपारची. घरीही तिची पद्धत तीच आहे: आधी गोड बोलते, मग टोचते. ती म्हणाली, "अहो, फ्रिजला कळतं मी त्याला किती वेळा उघडलं ते. कंपन्यांना कळतंय का तुम्ही त्यांना किती अर्ज पाठवलेत ते?"

भाऊजींना ते लागलं. पण लागलं की ते रुसत नाहीत, काहीतरी बनवतात. दोन दिवसांनी हॉलच्या फळीवर एक दिवा बसला. रंग बदलणारा बल्ब, मागे भाचीच्या जुन्या डब्यात कोंबलेलं सर्किट. अर्ज गेला की दिवा पिवळा. कंपनीची मेल आली की निळा. आणि हिरवा म्हणजे नोकरी पक्की. लाल ठेवायचा त्यांचा विचार होता, नकार आला तर लागायला. ताईने तो हाणून पाडला. "हे घर आहे, ऑपरेशनची खोली नाही."

मेल ओळखून रंग बदलायचे नियम मी लिहून दिले. एक नियम मात्र भाऊजींनी स्वतःकडे ठेवला. हिरवा दिवा आपोआप लागायचा नाही. नेमणुकीचं पत्र हातात आलं की ते स्वतः डब्यावरचं बटण दाबणार. मी म्हटलं, "अहो भाऊजी, मग यंत्र कशाला? नुसती मेणबत्ती लावा."

"मेल आली म्हणजे नोकरी आली का? पोच हवी."

आता यात खेळीमेळी दिसत असली तरी आत एक काटा होता. भाऊजींचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे नुसतं थोरले म्हणतो, त्यांचं रंगाचं मोठं दुकान आहे. त्यांनी सांगून ठेवलं होतं: एक तारखेपासून दुकानात येऊन बस, वरच्या दोन खोल्यांत राहायला या, भाड्याचं घर सोडून द्या. मनाने माणूस वाईट नाही. पण लहान भावाला लहानच ठेवायची त्यांना सवय. काउंटरच्या कडेला एक स्टूल होतं, तेसुद्धा त्यांनी फोन करून सांगितलं होतं की पुसून ठेवलंय. शिल्लक संपत आली होती. एक तारखेला सतरा दिवस उरले होते. भाऊजींना त्या स्टुलावर बसायचं नव्हतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

एकाच कंपनीवर त्यांची खरी आशा होती. औषधं साठवून दुकानांना पुरवणारी कंपनी, मोठं गोदाम, अगदी त्यांच्या हातचं काम. अर्ज करून तीन महिने झाले होते. तिकडून हो नाही की नाही नाही. मंगळवारी रात्री माझ्यातला शहाणा जागा झाला. ज्यांनी तीन महिने तोंड उघडलं नाही ते आता मेल पाठवतील तर बोलावण्यासाठीच पाठवतील, नाही म्हणायला कोण एवढे कष्ट घेतो, असा विचार करून मी नियम बदलला. त्या कंपनीकडून काहीही आलं की दिवा थेट हिरवा. भाऊजींना सुखद धक्का द्यायचा होता.

बुधवारी सकाळी मी कामावर गेलो. भाऊजी एक स्क्रू आणायला बाहेर पडले. एका स्क्रूला त्यांना दोन तास लागतात, कारण खोकी कशी रचावीत हे ते दुकानदाराला शिकवत बसतात. आणि इकडे दिवा हिरवा झाला.

ताईने आधी दिव्याकडे पाहिलं, मग डोळे पुसून परत पाहिलं. हिरवा भाऊजींच्या हाताशिवाय लागत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ह्यांना बाहेरच पत्र मिळालं आणि ह्यांनी फोनवरून दिवा लावला, असा तिने अर्थ लावला. भाऊजींचा फोन लागेना, स्क्रूच्या दुकानात तळघरात रेंज नसते. मग तिने थोरल्यांना फोन केला. सात महिने ज्या सुरात ती 'हो दादा, बघते दादा' म्हणत होती, तो सूर तिने बाजूला ठेवला.

"दादा, ह्यांना नोकरी लागली. ते स्टूल आता दुसऱ्या कुणाला द्या."

थोरले कामाचे वक्तशीर. दुपारी दोनपर्यंत स्टुलावर त्यांच्या बायकोचा भाचा बसलेला होता.

भाऊजी घरी आले तेव्हा टेबलावर केक होता आणि समोरच्या काकू हात पुढे करून उभ्या होत्या. भाऊजींनी हात मिळवला, कशाबद्दल ते विचारलं, आणि मग त्यांची नजर फळीवर गेली. ताई सांगते, ते एक क्षणही खूश झाले नाहीत. पहिला प्रश्न आला, "बटण कोणी दाबलं?"

मग त्यांनी मेल उघडली. कंपनीने लिहिलं होतं: 'आमच्याकडे अर्ज करण्याचा आपला अनुभव कसा होता? कृपया एक ते पाच तारे द्या.'

ताई त्या दिवशी न जेवता पाळीवर गेली. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा केक तसाच होता, सुरीसकट. भाऊजी डबा उघडून बसले होते.

"नियम कोणी बदलला?"

"मी."

"कधी?"

"काल रात्री. भाऊजी, मला वाटलं…"

"नोंद केलीस?"

"नाही."

"नोंद न करता बदललास!" त्यांचा आवाज त्या एका वाक्याला चढला. नोकरी नाही, स्टूल गेलं, याचं त्यांना नंतर वाईट वाटायचं होतं. नोंद नाही, हे आधी.

मग त्यांनी थोरल्यांना फोन लावला. मी समोरच होतो. भाऊजी म्हणाले, "दादा, सकाळची बातमी चुकीची होती. माझ्या यंत्रात गडबड झाली. चूक माझीच." पलीकडचा आवाज मला सोफ्यापर्यंत ऐकू येत होता. "तू आणि तुझी खेळणी! चाळिशी उलटली, अजून दिवे लावतोयस! आता त्या पोराला उठवू का मी?" भाऊजी 'नको, नको, राहू दे' म्हणाले आणि फोन ठेवला.

माझी मान वर होईना. "भाऊजी, मी सांगतो थोरल्यांना. माझ्यामुळे झालं म्हणून."

"सांग," ते म्हणाले. "आज नको, आज ते तापलेत. पण सांग."

मग ते परत त्या मेलकडे वळले. मला वाटलं पुसून टाकतील. पण समोर भरायचा कागद आला आणि तो भरला नाही, असं भाऊजींच्या हातून कधी घडलेलं नाही. त्यांनी दोन तारे दिले. खाली 'कारण लिहा' असा चौकोन होता. त्यात ते लिहायला लागले. अर्जाचा क्रमांक मिळाला नाही. अर्ज कोणत्या टेबलावर गेला ते कळायची सोय नाही. तीन महिने माल वाटेत पडून, आणि पाठवणाऱ्याला पत्ता नाही. ज्यांचं स्वतःचं काम औषधं वेळेवर पोचवण्याचं, त्यांनी असं करावं का?

चौकोन भरला. पुढे अक्षर उमटेना. भाऊजींनी तो पाठवला, पान पुन्हा उघडलं, परत दोन तारे दिले आणि सुरुवात केली, 'भाग दुसरा'.

रात्री ताई परत आली तेव्हा भाग चौथा चालू होता. त्यात माल परत आला तर तो कुठे ठेवावा, कुणी तपासावा, खराब औषधाचं खोकं चांगल्याच्या शेजारी का ठेवू नये, असं सगळं होतं. ताई दारातच थबकली. "नोकरी मागताय का शिकवणी घेताय?"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगतोय."

"अहो, असं कुणी खरंच विचारत नसतं!" पण तिने केकचा तुकडा कापून त्यांच्यासमोर ठेवला. म्हणजे राग अर्ध्यावर आला होता.

पुढचे दिवस घर नुसतं गप्प होतं. भाऊजींनी सतरा अर्ज केले. ताईने घरमालकांकडे आणखी एका महिन्याची मुदत मागायची तयारी केली. मी जास्तीत जास्त वेळ कामावर राहायला लागलो, यावरून कल्पना यावी. आणि सातव्या दिवशी, आम्ही जेवत असताना, भाऊजींचा फोन वाजला. बाईंचा आवाज. भाऊजींनी स्पीकर चालू केला, कारण हात भरलेला होता.

"आपणच भाग एक ते चार लिहिलेत ना? मी गोदामाची प्रमुख बोलतेय."

भाऊजींचा घास हातातच राहिला. "हो. काही चुकलं का?"

"पाचवा कुठे आहे?"

"तो… परत आलेल्या मालाच्या नोंदीबद्दल होता. झोप आली म्हणून राहिला."

"मग तो लिहू नका. इथे येऊन तोंडी सांगा. परत आलेल्या मालानेच माझा जीव खाल्लाय."

भाचीने टेबलाखालून मला लाथ मारली. ताई पाणी प्यायला म्हणून उठली आणि बराच वेळ फ्रिजचं दार धरून उभी राहिली. भाऊजींनी त्या वेळी सेकंद मोजले नाहीत.

मुलाखतीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी पँटला धूळ घेऊन आले. बाईंनी पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "ते नंतर. आधी तुमचे परतीचे ट्रक कुठे उभे राहतात ते बघू द्या." नोकरी मिळाली ती सहा महिन्यांच्या कराराची, परत आलेल्या मालाच्या काउंटरवर, पूर्वीच्यापेक्षा कमी पगाराची. पत्र हाती आल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि पत्र मिळालं म्हणून स्वतः सही करून कंपनीला पोच पाठवली. एक तारखेला आम्ही त्याच घरात होतो.

आता सगळं ठीक आहे. फक्त थोरले अजून लग्नकार्यात भेटेल त्याला सांगतात की धाकट्याचं डोकं मधे जरा फिरलं होतं, नोकरी नसताना घरात हिरवे दिवे लावून बसायचा. लोक हसतात. भाऊजीही हसतात, आणि मग सहज माझ्याकडे बघतात. रागाने नव्हे. पोच यायची बाकी असली की डिस्पॅचमधला माणूस फाटकाकडे बघतो तसं.

मी थोरल्यांना तीनदा फोन केलाय. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही, देव पावला. दुसऱ्यांदा त्यांच्या बायकोने उचलला. गेल्या रविवारी त्यांनी स्वतः उचलला. "बोल रे, काय काम काढलंस?" म्हणाले. भाऊजी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता.

मी म्हटलं, "काही नाही, तुमचा गुडघा कसा आहे विचारावं म्हटलं."

गुडघा बरा आहे म्हणाले.