गोधड्यांखालच्या मशिनी

पालिकेचा वेरा, म्हणजे कर, लावायला जागा मोजणारे तोंडाशी आले की बमरोलीच्या त्या गल्लीत पहिली धावपळ गोधड्यांची व्हायची. शिलाई मशिनींवर गोधड्या पडायच्या, लेसचे गठ्ठे खाटेखाली जायचे, कुठे रिकामा पाळणा टांगला जायचा. पाच मिनिटांत कारखान्याचं घर व्हायचं. घराला वेरा कमी, धंद्याला जास्त. हे सगळी गल्ली जाणून होती.

रामदासच्या तळमजल्यावर पाच मशिनी होत्या. चौतीस वर्षं मागावर बारा-बारा तास उभं राहून त्यानं ही जागा केली. मशिनी मात्र बायकोच्या. वत्सला आणि गल्लीतल्या चार बायका तिथं साड्यांना लेस लावत.

यंदा पालिकेनं धंद्याच्या जागांची मोजणी नव्यानं काढली होती. वाढलेल्या वेऱ्यातून वॉर्डातल्या शाळांना खोल्या बांधायचं ठरलं होतं. रामदासची नात हर्षदा पालिकेच्या मराठी शाळेत चौथीत. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसत.

"आबा, आम्ही पाढे म्हटले की पाचवीला धडा ऐकू येत नाही," ती सांगायची. "मग बाई म्हणतात, मनात म्हणा."

मनात म्हटलेले पाढे रामदासला पटत नव्हते.

मोजणीच्या सकाळी वत्सलानं त्याला खाटेवर आडवं केलं, हनुवटीपर्यंत चादर ओढली.

"गुमान पडी ऱ्हा. आजारी माणूस दिसला की ते लवकर जातात."

"मला काय झालंय?"

"जे झालं असेल ते पडूनच होऊ द्या."

"खोटं लिहवून घ्यायचं?"

"हायवेवरचे गाळेवाले घर लिहवून घेतात, ते चालतं. माझ्या पाच मशिनी तेवढ्या खुपतात? वेरा चढला तर चंचलला काय सांगू, उद्यापासून येऊ नको?"

चंचल त्या चार बायकांतली; तिचं घर त्या मशिनीवर चालत होतं. रामदास पडून राहिला.

पालिकेकडून मोजायला जागृती नावाची मुलगी आली. वीस-बावीसची पोर, गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. तिनं दारातूनच खाट बघितली, गोधड्या बघितल्या.

"काका, शुं थयुं?" काय झालं, असं गुजरातीत विचारून ती लिहू लागली. "अंदाजे बारा बाय दहा. रहेणाक, राहतं घर."

रामदासनं चादर फेकली. "अंदाजे? मग टेप कशाला आणलीस, पोरी?"

"काका, तुम्ही आजारी ना?"

"मोजताना नाही. धर टोक."

"कसाले उठनात?" वत्सला दबक्या आवाजात म्हणाली.

त्यानं भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावली. मोरी सोडली नाही, जिन्याखालचा कोपराही नाही. दोनदा गुडघा धरून टेकला, टेप ढिली पडू दिली नाही. मग मशिनींपाशी येऊन थांबला. जागा त्याची होती; गोधड्यांखालचं त्याचं नव्हतं. त्यानं हात मागे घेतला आणि वत्सलाकडे पाहिलं.

ती हलली नाही. "हर्षदासाठी ना?"

"चौथीसाठी. पाचवीसाठीपण."

वत्सलानं पहिली गोधडी उचलली. झटकून घडी घातली. मग दुसरी. पाचही मशिनी उघड्या पडल्या.

"लिही बाई, पाच. आणि चालू आहेत म्हणून लिही. मशीन बंद ठेवायची आम्हाला सवय नाही."

समोरचा लोटू महिनाभर "आबा, आजार गेला का?" असं खिजवत राहिला. वेऱ्याचं बिल वाढूनच आलं. साड्यांचे धागे कापायचं काम मजुरी देऊन बाहेर जायचं, ते रामदासनं अंगावर घेतलं. चंचल राहिली.

वेरा भरला त्या दिवशी वत्सला जन्मात पहिल्यांदा शाळेत गेली. मुख्याध्यापक शालिग्राम गुरुजींसमोर तिनं पावती ठेवली.

"खोली कुठं होणार?"

गुरुजींनी कुंपणाजवळची मोकळी जागा दाखवली. "दिवाळीनंतर काम सुरू होईल, ताई."

"मी येईन बघायला. भिंत ओळंब्यात नसली तर बोलेन."

घरी आली तेव्हा रामदास साड्यांच्या ढिगात बसला होता. कात्रीनं त्याच्या अंगठ्याला फोड आला होता. तिनं तो बघितला, शेजारी बसली आणि ढीग आपल्याकडे ओढला.

"सरका. अर्धा माझा."