नावेची पांढरी बाजू

माझे थोरले दीर माझ्याशी बोलत नसत. त्यात रुसवाफुगवा काही नव्हता, रीतच तशी होती. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नाही, त्याच्या सावलीत यायचं नाही, आणि बोलायचंच झालं तर मधे कुणीतरी हवं. आमच्याकडे मधे जाऊबाई असायच्या. त्या घरात नसल्या तर दावणीची म्हैस असायची. दीर म्हशीकडे बघून म्हणायचे, "म्हशे, आज भाकरी करपल्याली दिसती." मी शेणाची पाटी उचलता उचलता म्हशीलाच सांगायची, "म्हशे, ज्याला करपलेली दिसते त्यानं उठून थापावी." आमच्या घरची भांडणं त्या म्हशीइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

आमचं घर नावेचं. गाव पवनेच्या एका काठाला आणि सडक, दापोडीचं स्टेशन, नवे कारखाने सगळे दुसऱ्या काठाला. पावसाळ्यापासून माघापर्यंत नदी पायी ओलांडता येत नसे, तेव्हा दूधवाले, भाजीवाल्या आणि कंपनीत लागलेली माणसं आमच्याच नावेतून जात. नाव सासऱ्यांनी बांधून घेतली होती आणि ती दोघा भावांच्या सामाईकीत होती. उजवं वल्हं थोरल्याचं, डावं धाकट्याचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं.

एका भादव्यात नवरा तापानं गेला. नदी भरलेली, एका वल्ह्यावर नाव पार होईना. दिरांनी इकडून तिकडून माणसं आणून बघितली, पण एकाला धार कळेना आणि दुसरा दारू पिऊन येई. मी कोकणातल्या खाडीकाठची. चालायला लागले त्याच सुमाराला वल्हं मारायला लागले होते. दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी मी पदर खोचून डाव्या वल्ह्याला जाऊन बसले. दिरांनी बघितलं, थुंकले, आणि पुढच्या पाटावर जाऊन बसले. गावात चर्चा झाली. व्हायचीच. तीच चर्चा करणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी टोपल्या घेऊन नावेत चढल्या.

त्या वल्ह्यानं मला काय दिलं ते सांगते, म्हणजे पुढचं भांडण नुसतं रंगाचं वाटणार नाही. नाव चालू होती तोवर मी माझ्या हातचं खात होते. नाव बंद पडली असती तर मी जाऊबाईंच्या चुलीपुढची फुकटची बाई झाले असते, नाहीतर माहेरी भावाच्या दारात. दिरांना नेमकं तेच हवं होतं. कंपनीत वॉचमन व्हायचं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. खाकी कपडे, हातात दांडकं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचा हक्क. त्या माणसासाठी याहून योग्य नोकरी देवानं निर्माण केली नव्हती. नाव मोडून फळ्या वीटभट्टीला घालायच्या, हे ते जाऊबाईंशी मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत.

होळीनंतर पाणी उतरलं की नाव काठावर ओढून पालथी घालायची आणि तिला डांबर फासायचं, ही सासऱ्यांच्या वेळची पद्धत. डांबर सडकेच्या कामावरून मिळे. तोवर कितीतरी वर्षं नाव काळीच होती आणि तिला काही झालं नव्हतं, हे मी मान्य करते. पण ती वर्षं नाव करंजाच्या झाडाखाली पडून असे. त्या साली दिरांनी तो करंज भट्टीवाल्याला तोडून दिला होता. सावली विकून खाल्ली आणि नाव उघड्यावर टाकली. वैशाखात त्या काठावर उघडी वाळू पायाला चटके देते, तिथं काळ्या लाकडाचं काय होणार हे कळायला फार अक्कल लागत नाही.

मी जाऊबाईंना म्हटलं, "आक्का, त्यांना सांगा, औंदा डांबर नको. काळा रंग ऊन पितो. फळ्या आक्रसतील, सांधे उघडतील. आमच्याकडे चुन्यात तेल घोटून बुडाला लावतात. पांढरं लाकूड तापत नाही."

जाऊबाई आत गेल्या. दीर आतून बाहेर आले ते थेट काठावर, जिथं चार माणसं बसलेली होती. घरात बोललं असतं तर चार माणसांना कसं कळणार?

"ऐका," ते म्हणाले. "आमच्या घरची बाई नावंला पांढरी कराया निघालीया. सवताचं कपाळ पांढरं झालं, त्येवढ्यावर भागंना. आता नाव बी पांढऱ्या कपाळाची हवी तिला!"

माणसं हसली. मी तोवर घागर भरायला काठावर आले होते. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं नव्हतं. त्या हसण्याचा राग मला आजही येतो, आणि येऊ नये असं मला अजिबात वाटत नाही.

मी तोंड फिरवून घागरीलाच म्हणाले, "अर्धी नाव माझ्या नवऱ्याची आहे."

"व्हय का?" दीर चार माणसांकडे बघून म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. "न्हाई कोण म्हनतंय? आर्धी तिची, आर्धी माझी. हिरीच्या पाळ्या वाटून घेतो, आंब्याच्या फांद्या वाटून घेतो, तशी नाव घेऊ वाटून. डावी बाजू तिची. तिनं तिला चुना लावावा, हळद लावावी, न्हाईतर काजळ घालावं! माझ्या बाजूला बोट लावायचं न्हाई."

त्यांना वाटलं, बाई लाजेल आणि घरी जाईल. मी घागर घरी ठेवली आणि चुन्याच्या भट्टीवर चुना आणायला गेले.

सांध्यांत काथ्या ठोकला, चुना चाळून जवसाच्या तेलात घोटला आणि मधल्या फळीपासून डावीकडची सगळी नाव पांढरी केली. उजवीकडे दिरांनी डांबर ओतलं. मधली रेघ त्यांनी दोरी धरून आखली होती. डांबराचा एक थेंब माझ्या बाजूला आला तेव्हा मी तो खरवडून त्यांच्या बाजूला ठेवला. गावातली पोरंटोरं नाव बघायला येत. कुणी तिला काळी-पांढरी बांडी शेळी म्हणे. मला बरं वाटत नव्हतं, पण मी रोज दुपारी जाऊन दोन्ही बाजूंना हात लावून बघे. माझ्या बाजूवर तळवा टेकता येई. त्यांच्या बाजूवर बोटही ठरत नसे.

हे जाऊबाईंनाही कळलं होतं, पण त्यांच्या पद्धतीनं. नावेचं बूड सपाट, त्याच्या काळ्या बाजूवर जुनं धोतर अंथरून त्यांनी कुरडया घातल्या. दिवस कलायच्या आत कुरडया खडखडीत! मला दाखवत म्हणाल्या, "बघ गं, काळ्या रंगाचा गुन. तुझ्या पांढऱ्यावर आठवडा लागला आसता."

"तेच म्हणते मी, आक्का," मी म्हणाले. "कुरडईचं जे झालं तेच फळीचं होतंय."

त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. धोतर डांबराला चिकटलं होतं, ते सोडवताना फाटलं, आणि त्याबद्दलही शिव्या मलाच बसल्या.

जेठात नाव सुलटी करून उथळ पाण्यात बुडवून ठेवली, फळ्या फुगाव्यात म्हणून. माझी बाजू भरून आली. त्यांच्या बाजूच्या सांध्यांत नखं जात होती. दिरांनी त्यात आणखी डांबर कोंबलं आणि म्हशीला सांगितलं, "दोन खेपा झाल्या की फुगत्याल." मी म्हशीला म्हटलं, "डांबर कोंबलेला सांधा फुगायचा कुठून?" 

नदी चढली. सकाळच्या शिफ्टची माणसं, दुधाच्या कासंड्या, भाजीच्या टोपल्या, अशी पहिली भरलेली खेप निघाली. मधल्या धारेला लागलो आणि उजव्या अंगाच्या सांध्यांतून पाणी आत यायला लागलं. आधी ओघळ, मग चांगल्या धारा. दीर आयुष्यात पहिल्यांदा मागं वळले आणि माझ्या तोंडाकडे बघून ओरडले, "आगं, पानी उपस!"

मधे जाऊबाई नव्हत्या, म्हैस नव्हती. मीही सरळ त्यांच्या तोंडावर म्हणाले, "तुमच्या बाजूचं पाणी आहे, भावजी. मी त्याला बोट लावायचं नाही."

"आवो बाई," लातुराकडचा एक कामगार रडकुंडीला येऊन म्हणाला, "तुमचं भांडन काठावर करा की! मला पवता येत नाय!"

खरं सांगते, तेवढं बोलून जे समाधान झालं ते पुढं कशानंच झालं नाही. पण पाणी आत आलं ते मधल्या फळीपाशी थांबलं नाही. माझ्या पावलांना लागलं. दिरांचं डांबर माझी पांढरी बाजूही बुडवणार होतं आणि नावेबरोबर माझं वल्हं जाणार होतं. मी ओरडले, "सगळे माझ्या अंगाला सरका! उभं राहू नका, बसूनच सरका!" माणसं, कासंड्या, टोपल्या, सगळं डावीकडे आलं. नाव माझ्या बाजूला कलली, पांढऱ्या फळ्या पाण्यात खोल गेल्या आणि उजवीकडचे उघडे सांधे पाण्याच्या वर आले. धारा थांबल्या. पण दीर अजून उजव्या टोकाला वल्हं धरून बसलेले. अंगानं चांगले भारी होते ते.

"भावजी, इकडं या," मी म्हणाले.

ते जागचे हलेनात. धाकट्या भावजयीशेजारी बसण्यापेक्षा बुडालेलं बरं, असं बहुतेक वाटत असावं. मग तो लातूरचा गडी त्यांना शिव्या देऊन ओरडला. दीर आले. माझ्या शेजारी, पांढऱ्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून बसले आणि टोपलीनं पाणी उपसू लागले. मी एकटीनं नाव तिरकी तिरकी काठाला लावली.

संध्याकाळी घरी जाऊबाई होत्या, पण दीर मुद्दाम म्हशीपाशीच येऊन उभे राहिले. "म्हशे, सांग तिला, माझी बाजू मावळतीला हुती म्हनून तापली. रंगाचं काय न्हाई." असेलही. मावळतीचं ऊन कडक असतं.  मग ते म्हणाले, "आन् सांग, नाव मोडनार हाय मी. फळ्या भट्टीला देनार."

याचीच मी शिमग्यापासून वाट बघत होते.

"म्हशे," मी म्हणाले, "खुशाल मोडा म्हणावं. पण फक्त काळी बाजू. पांढरी माझी आहे. ती कुणी वाटून दिली ते सगळ्या गावानं ऐकलंय, आणि ज्यानं ऐकलं नसेल त्याला काठावरूनही दिसतंय."

 अर्धी नाव मोडता येत नाही. जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसत होत्या की काय, मी कधी विचारलं नाही.

दीर दिवाळीच्या आधी वॉचमन झाले. उजवं वल्हं जाऊबाईंनी घेतलं. मारायला लवकर शिकल्या, पण सगळी खेपभर माझ्याशी भांडत. पुढच्या होळीला उजव्या बाजूलाही चुना लागला, तो त्यांनी स्वतः घोटला. दीर रोज सकाळी खाकी कपडे घालून आमच्याच नावेतून कामाला जात. आमच्याकडे पाठ करून बसत. जाऊबाईंनी निरोप पोचवणं सोडलं होतं आणि नावेत म्हैस नव्हती, त्यामुळे त्यांना काही बोलता येत नसे.