ओरेगॅनोच्या तेलाचे चार थेंब

वडिलांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला आणि त्याच दुपारी मामा बिडकीनहून आले. छातीत कफ झाला होता, डॉक्टरांनी सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या होत्या. मामांनी खिशातून छोटी बाटली काढली.

"दाजी, त्या गोळ्या बंद करा. हे ओरेगॅनोचं तेल. जिभंखाली चार थेंब."

"पिझ्झ्यावर टाकतात ते?" वडील हसले.

"जंगली ओवा म्हना की! ओव्यानं कुनाचं वाईट झालंय?"

ओवा म्हटल्यावर आमच्या घरात प्रश्न संपतो. वडिलांनी थेंब घेतले, डोळ्यांत पाणी आलं. "लई जळतंय रे," ते म्हणाले.

"जळतंय म्हंजे लागू पडतंय."

मी आत जाऊन वाचत बसलो. ओरेगॅनो हा ओवा नव्हे, पुदिन्याच्या कुळातली वनस्पती. तिच्या तेलातलं एक द्रव्य प्रयोगशाळेत, काचेच्या ताटलीत, जंतू मारतं. माणसाच्या फुप्फुसात तसं होतं याचा पुरावा नाही. आणि निव्वळ तेल तोंडाची त्वचा भाजतं, जळणं म्हणजे एवढंच. बाहेर येऊन मी हे सगळं सांगितलं, पण पुटपुटत, पुस्तकातलं सांगतात तसं. मामा म्हणाले, "पुस्तकी किडा!" वडील हसले. मी पुन्हा आत वाचायला गेलो. अर्ध्या गोळ्या तशाच राहिल्या.

ताप पुन्हा चढला आणि पंधरा दिवसांत वडील गेले. दोन्ही फुप्फुसं भरली होती.

सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही, नातेवाईक जेवण आणतात. पाचव्या दिवशी मामा पिठलं-भाकरी घेऊन आले. आई खोकत होती. डबा उघडायच्या आधी त्यांनी तीच बाटली तिच्यापुढे ठेवली.

"आक्का, चार थेंब घे. दाजींची येळच भरली हुती, त्याला औषध काय करनार?"

"मामा, ती बाटली उचला," मी ओरडलो. घरातल्या बायका दारात आल्या. "उचला, नाहीतर मी मोरीत ओततो!"

मामांनी बाटली खिशात घातली आणि न जेवता निघून गेले.

आई माझ्याकडे बघत राहिली. "तवा का नाय वरडलास असं?"

सुतकात घराबाहेर पडायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी आहे, औषधाची गरज नाही. मी त्यांना स्टेथोस्कोपनं तिची पाठ पुन्हा तपासायला लावली.