टीव्हीतला फौजदार आणि नानांची मोटर

खाकी उतरली तरी किस्से काही अंगावरून उतरत नाहीत. आमच्या ठाण्याचं नाव विचारू नका, साक्रीच्या आसपास समजा. आता बदलीची भीती नाही, पण पेन्शन चालू आहे!

बंद पडलेली एक पोलिसांची मालिका टीव्हीवर पुन्हा सुरू झाली होती. फौजदार मात्र नवा. ठाण्यात पाणी भरणाऱ्या अक्कांनी मला विचारलं, "पहिला साहेब कोठे गया?"

मी म्हटलं, "बदली झाली."

"म्हंजे इमानदार व्हता!" अक्का म्हणाल्या आणि हंडा उचलून चालू लागल्या.

*

त्याच आठवड्यात नाना पाटलांच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. पाण्यावाचून मिरची माना टाकायला लागली. नाना केळीच्या पानात तुटकी वायर गुंडाळून ठाण्यात हजर! "ठसा काढा. सारा गावले दखाडी, पन कोनले हात लावू दिधा नही!"

ठशांची पावडर आमच्याकडे कुठली? आमच्या फौजदार साहेबांनी ड्रॉवरमधली तोंडाला लावायची पावडर वायरवर मारली. नानांचं समाधान झालं. वायरीला तेवढा वास चांगला आला.

*

आठ दिवस झाले. नाना रोज येत. एकदा भडकलेच, "तो टीव्हीवाला अर्धा तासमा चोर धरस. त्यामा जाहिराती बी रहातीस. तुम्हनाकडे तर जाहिराती बी नही!"

साहेब खाली मान घालून कागद चाळत राहिले. मला नानांची फार कीव आली. माणूस दिवसभर बादल्यांनी मिरची जगवत होता.

*

शेवटी विहिरींवरच्या मोटरी उचलण्यात नाव कमावलेल्या भिकाची खबर लागली. आम्ही नानांना घेऊन गेलो, तर भिका ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर, तीच मालिका बघत! लोक म्हणाले, "साहेब, शेठले मारनारा खुनी सापडू द्या, मंग लई जा." साहेब बसले. आम्हीही बसलो.

फौजदाराने खुन्याकडे बोट केलं आणि लाईट गेली!

भिका म्हणाला, "साहेब, खुनी कोन ते सांगा, मंग मी मोटर सांगस."

साहेबांनी जीपमधल्या वायरलेसवरून धुळ्याच्या कंट्रोलला विचारलं, "खुनी कोण? ओव्हर."

लगेच उत्तर आलं, "मुनीम. ओव्हर." कुठला खून, हे कोणी विचारलंसुद्धा नाही!

भिकाने शब्द पाळला. मोटर त्याच्या गोठ्यात चाऱ्याखाली निघाली. नानांनी डोळे पुसले, मोटरीवरून हात फिरवला आणि भिकाजवळ सरकून विचारलं, "पन मुनीमनी कसाले मारं रे शेठले?"